त्या तिघांना काय काम देऊ?

पत्र असं आहे:

"ताई, मी सातारा जिल्ह्यात एका जिल्हा परिषद शाळेत आहे. द्विशिक्षकी शाळा, पहिली-दुसरी एकत्र माझ्याकडे, मुलं 27. त्यातली तीन मुलं वेगळी आहेत. पहिलीत एक मुलगी आहे, तिला डाउन सिंड्रोम आहे, बोलते पण सगळं कळत नाही आणि मनात नसलं की खाली फतकल मारून बसते. दुसरीतला एक मुलगा ऑटिस्टिक आहे, जवळजवळ बोलतच नाही, परिपाठाला स्पीकर लागला की कान झाकून ओरडतो, मुख्याध्यापक चिडतात. तिसरा हुशार वाटतो, तोंडी हिशोब पटापट करतो, पण दुसरीत येऊनही वाचन शून्य. विशेष शिक्षक सर पंधरा दिवसांतून एकदा येतात. बाकीचे दिवस मी या तिघांना रंगवायला चित्रं देते म्हणजे ते बिझी राहतात, पण मनाला लागतं. रोज देता येतील अशा काही ॲक्टिव्हिटी सांगाल का? एक पालक म्हणाले, यांच्यामुळे आमची पोरं मागे राहतात. आणि त्या मुलीला पुढच्या वर्षी परत पहिलीतच बसवावं का?"

ताई, पत्रातली नावं मी गाळली आहेत, इथे मुलीला सोनी म्हणते, न बोलणाऱ्याला दादू आणि तिसऱ्याला पिंट्या.

रंगकामाचं आधी बोलून घेऊ कारण तुम्हालाच ते टोचतंय. रंगवणं वाईट नाहीये, पण दिवसभर रंगवणं म्हणजे मुलाला वर्गात बसवून वर्गाबाहेर ठेवणं आहे. आणि तुम्ही मला त्या तिघांसाठी वेगळ्या ॲक्टिव्हिटी मागताय तिथेच माझं जरा वेगळं म्हणणं आहे. तीन मुलांना तीन वेगळी कामं आणि बाकी चोवीस जणांना दोन इयत्तांचा अभ्यास, हे कुठल्याही बाईला रोज जमणार नाही, पहिला आठवडा उत्साहात जाईल आणि मग परत रंगपेटी बाहेर निघेल. त्यापेक्षा शाळेत रोज आपोआप घडतातच अशा गोष्टी पकडा, हजेरी, हात धुणं, पोषण आहार, दप्तर भरणं, आणि त्यातच शिकवा. काम सगळ्यांना एकच, फक्त भाकरीचा तुकडा कुणाला अर्धा कुणाला चतकोर.

हजेरीपासून सुरू करा. सगळ्या 27 मुलांच्या नावाची कार्डं बनवा, जुन्या वहीचे पुठ्ठे चालतात, वरून चिकटपट्टी मारली की वर्षभर टिकतात, लॅमिनेशनचा खर्च करू नका. सकाळी कार्डं टेबलावर पसरलेली असतील, प्रत्येकानं यायचं, आपलं नाव शोधायचं आणि भिंतीवरच्या दोरीला कपड्याच्या चिमट्यानं अडकवायचं. सोनीच्या कार्डावर सुरुवातीला तिचा फोटो आणि नाव दोन्ही, महिन्याभरानं फोटो छोटा करा, मग काढून टाका, नाव राहू द्या. डाउन सिंड्रोम असलेल्या बऱ्याच मुलांना ऐकून लक्षात ठेवण्यापेक्षा बघून लक्षात ठेवणं सोपं जातं, त्यामुळे अख्खा शब्द चित्रासारखा ओळखणं हा त्यांच्यासाठी वाचनाचा चांगला दरवाजा आहे. आधी स्वतःचं नाव, मग आई, पाणी, घर, बाई. मुळाक्षरं पाठ झाल्याशिवाय शब्द नाही हा हट्ट तिच्या बाबतीत सोडा. आणि चिमटा दाबून उघडणं हा तिच्या बोटांचा व्यायाम आहे, पेन्सिल धरायची ताकद त्यातूनच येते, वेगळा तास लागत नाही.

दादूला "हजर बाई" म्हणायला लावू नका. त्यानं कार्ड लावलं म्हणजे तो हजर झाला, तुम्ही त्याच्याकडे बघून "दादू आला" म्हणा, झालं. न बोलणाऱ्या मुलाला बोल बोल म्हणून मागे लागल्यानं बोलणं येत नाही, पण कार्ड देऊन काहीतरी घडतं हे एकदा कळलं की तो पाण्याचं कार्ड देईल, बाहेर जायचं कार्ड देईल, आणि ते बोलणंच आहे. त्याच्या टेबलापाशी तीन-चार कार्डं कायम ठेवा, पाणी, लघवी, नको, मदत. यातलं "नको" सगळ्यात महत्त्वाचं बरं का. ज्याला नको म्हणता येत नाही तो ओरडतो किंवा चावतो आणि मग आपण म्हणतो मुलगा त्रासदायक आहे. (कार्डं दाखवली तर पोरगं बोलायचं विसरेल अशी भीती पालकांना वाटते, तसं होत नाही, उलट पुष्कळ मुलांना याचा बोलण्यासाठी आधारच होतो, हे त्याच्या आईला नीट सांगा.)

पिंट्याला विचारा, दोरीवर किती कार्डं आहेत, टेबलावर किती राहिली, म्हणजे आज किती जण आले नाहीत. 27 मधले 24 आले तर 3 गैरहजर, हे त्यानं फळ्यावर आकड्यात लिहायचं. सगळ्या वर्गासमोर त्याला येणारी गोष्ट रोज एकदा घडली पाहिजे, कारण वाचनाच्या तासाला तो रोज सगळ्यांसमोर पडतोच.

दादूच्या परिपाठाचं. तो कान झाकतो तो उद्धटपणा नाही, त्याला तो आवाज खरंच दुखतो. स्पीकरपासून लांब, शेवटच्या ओळीत कडेला उभं करा, स्पीकरचं तोंड दुसरीकडे फिरवा, आवाज थोडा कमी करा, आणि कान झाकून उभा राहिला तर राहू दे की. राष्ट्रगीताला कान झाकले म्हणून अपमान होत नाही हे मुख्याध्यापकांना तुम्ही एकटीनं सांगण्यापेक्षा विशेष शिक्षक सरांकडून सांगून घ्या, सर पुरुष आहेत आणि बाहेरून येतात, त्यामुळे त्यांचं ऐकतील, काय करणार असंच आहे आपल्याकडे.

परिपाठानंतर त्याला दिवसाची चित्रपट्टी दाखवा. सुतळीवर ओळीनं सहा-सात फोटो, परिपाठ, भाषा, खेळ, जेवण, गणित, गोष्ट, घर. नेटवरची चित्रं नकोत, तुमच्याच शाळेचे फोटो काढा, तोच ओटा तीच ताटली. एक काम संपलं की तो फोटो त्यानंच उलटा करायचा. यात त्याला सगळ्यात मोठी गोष्ट मिळते ती म्हणजे पुढे काय येणार हे आधी कळतं, अशा मुलांची बरीचशी रडारड अचानक बदल झाल्यामुळे असते. आज लसीकरणाची टीम येणार, उद्या केंद्रप्रमुख येणार, गॅदरिंगची प्रॅक्टिस आहे, अशा दिवशी सकाळीच एक वेगळ्या रंगाचं कार्ड मधे लावा आणि त्याला बोट लावून दाखवा. जे काम त्याला नको असतं त्याच्यासाठी दोनच चित्रं समोर ठेवा, आधी हे मग ते. आधी तीन बेरजा, मग झोका. पण मग झोका खरंच द्यायचा, "अजून दोन कर मग देते" केलंत की पट्टीवरचा विश्वास गेला. पट्टी टांगली दादूसाठी, पण बघाल तुम्ही, पहिलीतली सगळी पोरं तिच्यासमोर उभी राहून जेवणाला किती वेळ आहे ते मोजत बसतील.

आता पोषण आहार. मला विचाराल तर शाळेतला सगळ्यात चांगला तास हाच आणि तो आपण फक्त शांत बसा शांत बसा म्हणण्यात घालवतो. सोनीला ताटल्या वाटायला द्या, एका मुलापुढे एक ताटली, ही एकास एक संगती आहे, ती तिला वर्कशीटवर रेघा मारून चार महिन्यांत येणार नाही ती इथे येईल कारण ताटली कमी पडली की कुणीतरी लगेच बोंबलतं. मग विचारा, अजून किती हव्यात, ती दोन बोटं दाखवेल, चालेल. मटकी किंवा तांदूळ निवडायला छोट्या ताटात घेऊन चार-पाच जणांना बसवा त्यात तिला घ्या, अंगठा आणि पहिलं बोट यांची पकड तिथे तयार होते. चुलीजवळ मात्र कुणालाही नाही. पिंट्याचं काम, पहिली ते पाचवीला माणशी 100 ग्रॅम तांदूळ धरतात, तर आज 10 मुलं असती तर किती, 20 असती तर किती, 24 आहेत तर आपल्या वर्गापुरते किती. 2 किलो 400 ग्रॅम. दुसरीच्या पुस्तकाच्या पुढचं आहे पण तो करेल, आणि स्वयंपाकीण मावशींना जाऊन सांगून येईल.

दादू कदाचित खिचडी खाणार नाही, वास किंवा लिबलिबीतपणा सहन होत नाही अशा मुलांना. जबरदस्ती नको, घरून कोरडं काही आणू दे.

हात धुवायच्या जागेवर चार चित्रं लावा, नळ, साबण, चोळणं, पुसणं. आणि इथे एक सवय तुम्हाला लावून घ्यायची आहे. सोनीला मदत करताना आधी नुसतं थांबा, मग चित्राकडे बोट करा, मग एका शब्दात सांगा, "साबण", आणि अगदीच नाही जमलं तर हात धरा. आपण उलटं करतो, आधीच हात धरतो कारण घाई असते. तुमच्या वहीत तिच्या प्रत्येक कामापुढे एवढंच लिहा की आज हात धरावा लागला, सांगावं लागलं, बोट दाखवून झालं की आपलं आपण केलं. प्रगती म्हणजे हीच, जूनमध्ये हात धरून, दिवाळीला बोट दाखवून. विशेष शिक्षक सर आले की ही वही त्यांच्यापुढे ठेवा. ते तिघांना घेऊन व्हरांड्यात बसत असतील तर प्रेमानं सांगा, सर वर्गातच बसा, आणि मला यातलं अडलेलं एक दाखवा. पंधरा दिवसांतून एक तास त्यांनी मुलांना शिकवण्यापेक्षा तो तास तुम्हाला शिकवला तर जास्त पुरतो.

वर्गातल्या मोठ्या पोरींवर लक्ष ठेवा हां, त्या सोनीचं सगळं करून टाकतात. दप्तर उचलतात, चेन लावतात, डबा उघडतात, अगदी तिच्या पाटीवर अक्षरसुद्धा काढून देतात आणि आपण कौतुक करतो किती गुणाच्या. त्यांना स्पष्ट सांगा, दाखवायचं, करून द्यायचं नाही, आणि तिनं मागितल्याशिवाय द्यायचं नाही. सोनीनंही कुणाला तरी मदत करायला हवी, ताटल्या म्हणूनच तिच्याकडे द्या म्हटलं.

ती फतकल मारून बसते तेव्हा आधी बघा की तुम्ही काय सांगितलं होतं. "चला बघू, पाट्या बाहेर काढा आणि फळ्यावरचं लिहून झालं की मला आणून दाखवा" यात तीन सूचना आहेत, तिला शेवटची ऐकू येईपर्यंत पहिली गेलेली असते. "सोनी, पाटी काढ." एवढंच. मग मनातल्या मनात दहा आकडे मोजा, परत परत बोलू नका, कारण पुन्हा बोललात की तिला पहिल्यापासून सुरू करावं लागतं. आणि दोनातलं एक निवडायला द्या, खडू की पेन्सिल, खाली बसून की बाकावर. अर्धे हट्ट इथेच संपतात, उरलेले अर्धे हट्टच असतात, तेही कुठल्याही सहा वर्षांच्या पोराला असतात. एक मात्र विसरू नका, डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांमध्ये ऐकण्याचे आणि नजरेचे त्रास बरेच आढळतात, त्यामुळे "ऐकत नाही" म्हणजे खरंच ऐकू येत नसेल. आणि मानेच्या वरच्या मणक्यांचा सैलपणा काही जणांना असतो, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोलांटउडी नको, पीटीच्या तासाला हे माहीत असू दे.

पिंट्यासाठी सगळ्यात आधी डोळे आणि कान तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची टीम शाळेत येते तेव्हा तिघांचीही नावं हातात लिहून द्या, गर्दीत वजन-उंची करून टीम निघून जाते नाहीतर. त्यातून जिल्हा रुग्णालयाकडे पाठवता येतं. डिस्लेक्सियाचं (बुद्धी चांगली असूनही वाचन न जमणं, हा अध्ययन अक्षमतेचा एक प्रकार) म्हणाल तर केंद्राच्या नियमावलीप्रमाणे अध्ययन अक्षमतेचं प्रमाणपत्र वयाच्या आठव्या वर्षापासून मिळतं, त्यामुळे आत्ता कुणी कागद देणार नाही, पण मदतीला कागद लागत नाही ना. एनसीईआरटीचं प्रशस्त नावाचं ॲप आहे, शाळेतच दिव्यांगत्वाची प्राथमिक चाचपणी करायचं, त्यात पहिला भाग वर्गशिक्षकानंच भरायचा असतो, तो भरा, म्हणजे पुढच्या तपासणीला नोंद राहते. तेवढं करा आणि आलेल्या निकालाला निदान समजू नका, ती फक्त चाळणी आहे.

वाचनाचं आता जरा सविस्तर सांगते, कारण बाराखडी म्हणणारी आणि वाचता न येणारी मुलं मी ढिगानं पाहिली आहेत. च चा चि ची सुरात म्हणतात, मधेच "चु" वर बोट ठेवलं की पहिल्यापासून गाडी सुरू करतात. म्हणजे त्यांना गाणं पाठ आहे, मात्रा माहीत नाही. पिंट्याला एकावेळी एकच स्वरचिन्ह द्या. पुठ्ठ्याला एक चौकोनी खिडकी कापा, खिडकीच्या उजवीकडे काना कायमचा काढून ठेवा आणि मागून अक्षरांची पट्टी सरकवा, का, ना, मा, ला, पा. काना पक्का झाला की त्यातूनच काका, मामा, नाना, लाला असे खरे शब्द वाचायला द्या, त्याला दोन दिवसांत "मी वाचलं" असं वाटेल आणि ते वाटणं फार गरजेचं आहे. मग वेलांटी.

ब आणि व, घ आणि ध, भ आणि म, या जोड्या एकाच आठवड्यात शिकवू नका. फरक समजावून सांगायला म्हणून आपण दोन्ही शेजारी लिहितो आणि गोंधळ तिथेच पक्का होतो. आधी ब एकटा, महिनाभर ब, मग व. अंगणात खडूनं हातभर मोठं अक्षर काढा, पोरांना त्यावरून चालू दे, चालताना आवाज म्हणायचा. ताटात वाळू घेऊन बोटानं, मित्राच्या पाठीवर बोटानं. यात दादूला वाळू आवडेल, सोनीला चालणं आवडेल आणि पहिलीतल्या सगळ्यांना हे लागतंच आहे. मोठ्यानं वाचायला पिंट्याला अचानक उठवू नका, उद्या कुठल्या दोन ओळी येणार ते आदल्या दिवशी त्याला सांगून ठेवा, घरी ताईकडून ऐकून येईल, पाठ करून वाचलं तरी सुरुवातीला चालतं.

कुणा मुलाला आकड्यांची नावं येत नसतील तर एक सांगते. तुम्हाला आठवत असेल, 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात वीस एक, वीस दोन असं वाचन दिलं होतं आणि केवढा गदारोळ झाला होता, विनोद झाले, सभागृहात प्रश्न आले. बालभारतीच्या गणित समितीच्या तेव्हाच्या अध्यक्ष मंगला नारळीकरांनी सांगायचा तो मुद्दा सांगितला होता, की बेचाळीस म्हणताना दोन आधी येतो आणि लिहिताना चार, शिवाय जोडाक्षरं, मुलं अडखळतात. राजकारण जाऊ दे, अडखळणाऱ्या मुलाला हे खरंच उपयोगी पडतं. "चाळीस दोन, बेचाळीस" असं दोन्ही जोडून म्हणून घ्या, दहा-दहा काड्यांचे चार गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या हातात देऊन. नुसतं चाळीस दोनवर थांबवू नका कारण दुकानात कुणी तसं म्हणत नाही.

आता "आमची पोरं मागे राहतात" म्हणणाऱ्या त्या पालकांचं. कायदा तुमच्या बाजूनं आहे, 2016 चा दिव्यांग हक्क कायदा भेदभाव न करता सगळ्यांसोबत शिकवायला सांगतो आणि शिक्षण हक्क कायदा तर आहेच, पण गावात कायदा तोंडावर फेकून काम होत नाही. त्यांना एक दिवस हजेरीपासून जेवणापर्यंत वर्गात बसवा. त्यांचा मुलगा काय करतोय ते त्यांना बघू दे, दादूकडे बघायला सांगू नका. आणि खोटं आश्वासनही देऊ नका, पहिला महिना सगळं हळू चालेल, कार्डं लावायलाच वीस मिनिटं जातील, हे त्यांनाही सांगा. सोनीला किंवा दादूला काय आहे याची माहिती मात्र त्यांना द्यायची नाही, तो त्या घरांचा विषय आहे.

सगळं एकदम करू नका ताई. हजेरीची कार्डं आणि चित्रपट्टी, बस, दिवाळीपर्यंत एवढंच. पिंट्याची खिडकी त्यात जमली तर. ऑनलाइन मिळणारी महागडी किट तर अजिबात घेऊ नका, चिंचोके, वाळू, चिमटे आणि पुठ्ठे यात सगळं होतं, समग्र शिक्षातून काही साहित्य मिळत असेल तर गट साधन केंद्रात विचारून ठेवा. पेन्सिल जाड हवी असेल तर तिला सुतळी गुंडाळा. सोनीचे पाय बसल्यावर जमिनीला टेकतात का तेवढं बघा, लोंबकळत असतील तर खाली दोन विटा ठेवा, अक्षर आपोआप बरं येतं.

आणि तिला परत पहिलीत बसवायचं का, तर नाही. पहिलीत मागे ठेवता येतच नाही, शिक्षण हक्क कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतरही ते फक्त पाचवी आणि आठवीपुरतं आहे. पण नियम नसता तरी मी नाहीच म्हटलं असतं. तेच पुस्तक परत दिल्यानं तिला ते जास्त येणार नाही, आणि ज्या पोरी तिला ओळखतात, तिच्या बोलण्याचा अर्थ ज्यांना लागतो, त्या पुढे निघून जातील. पुढच्या वर्षी तर ती तुमच्याकडेच आहे दुसरीत, तेव्हा वही तीच चालू ठेवा. त्यानंतर तिसरीला दुसऱ्या गुरुजींकडे जाईल तेव्हा ती वही त्यांच्या हातात द्या, आणि त्याआधी एप्रिल महिन्यात सोनीला त्यांच्या वर्गात चार-पाच वेळा नेऊन बसवून आणा.